बोट पोचत नाही तिथलं तपमान

सोलापूरच्या उन्हात बायका पापड वाळवतात, सांडगे वाळवतात. मी त्याच उन्हात प्रोग्राम पुसायचे. थट्टा नाही करत. सत्तरचं दशक संपत आलं होतं, आणि आम्ही ज्या चिपमध्ये प्रोग्राम भरायचो तिच्या पाठीवर काचेची एवढीशी खिडकी असायची. त्या खिडकीतून अतिनील किरण आत गेले की आधीचं लिहिलेलं पुसलं जायचं आणि चिप पुन्हा कोरी व्हायची. त्यासाठी खास दिवा मिळतो. आमचा दिवा बिघडला होता, नवा मुंबईहून यायचा होता, आणि तो काही येत नव्हता. मग मी चार चिपा ताटात मांडून गच्चीत ठेवल्या. पापड उलटायला आलेल्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "हे गं काय?" मी म्हटलं, "याला आठ दिवस लागतात वाळायला." त्यांनी आठही दिवस माझ्या ताटावरचे कावळे हाकलले.

मी मूळची करकंब गावची, वडील शाळामास्तर. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली आणि सोलापुरात बापटसाहेबांच्या कारखान्यात लागले. कारखाना म्हणजे पत्र्याचा एक गाळा, सहा टेबलं आणि साहेबांचा दांडगा उत्साह. साहेबांनी एका प्रदर्शनात मायक्रोप्रोसेसर पाहिला होता आणि तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. या एवढ्याशा मेंदूपासून सोलापूरच्या कापडवाल्यांना काहीतरी करून द्यायचंच, असं त्यांनी ठरवलं. आमच्याकडं 'करून द्यायचं' याचा अर्थ 'सुमननं करायचं' असा होता.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते सिद्रामशेठ. चादरीच्या सुताला रंग लावायचं त्यांचं डाईंग होतं. लोखंडी टाकीत पाणी, कॉस्टिक सोडा, रंग विरघळवणारी हायड्रोची पावडर आणि रंग घालायचा, त्यात सुताच्या लड्या बुडवायच्या, आणि खालून वाफ सोडून पाणी साठ अंशांवर धरायचं. कमी पडलं तर रंग मुरत नाही, फार वर गेलं तर रंग बिघडतो. मग शेवटी दुसऱ्या टाकीत साबणाच्या कढत पाण्यातून, नव्वद अंशांवर, लड्या काढायच्या, म्हणजे धुतल्यावर रंग जात नाही. वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप उघडून-मिटून पाणी हवं तिथं धरणारी पेटी मला करायची होती.

तोवर हे काम नरसय्या मास्तरांचं बोट करत होतं. मास्तर तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातले, पन्नाशी ओलांडलेले, अंगानं वाळकेसे, आणि तीस वर्षं रंगाच्या टाकीपाशी उभे. उजव्या हाताचं पहिलं बोट पाण्यात घालायचं आणि मोजायचं: ओकटी, रेंडू, मूडू. तीनला बोट काढावंसं वाटलं की साठ अंश. चारपर्यंत टिकलं तर वाफ वाढवा, दोनलाच चटका बसला तर बंद करा. भिंतीवर काचेचा थर्मामीटर होता, पण त्याला विचारतंय कोण! मास्तरांनी बोट घातलं की सगळं डाईंग गप्प व्हायचं, आणि सिद्रामशेठ गल्ल्यावरून ओरडून विचारायचे, "किती, मास्तर?"

आता माझ्या बाजूचं सांगते. त्या चिपला फक्त आकडे कळतात. असे शेकडो आकडे हातानं लिहायचे, आणि मध्ये एक जरी वाढला तरी पुढच्या आकड्यांचे चिपमधले पत्ते, म्हणजे जागा, सगळे बदलायचे. डोळे जायची पाळी यायची. साहेबांना कुठून तरी कळलं की 'सी' नावाची एक भाषा आहे, तिच्यात माणसासारखं लिहिता येतं, आणि पुण्याच्या एका संस्थेतल्या मोठ्या संगणकावर त्याचे आमच्या चिपसाठी आकडे करून मिळतात. हे रूपांतर करणारा जो प्रोग्राम, तो कम्पायलर. सोलापूरकरांना हे समजवायला मला कधीच त्रास झाला नाही. नक्षीवाला चौकटीच्या कागदावर मोर काढतो, पण मागाला मोर कळत नाही, त्याला पुठ्ठ्यातली भोकं कळतात. मधे पुठ्ठे पाडणारा बसतो. तो कम्पायलर. आणि तो मागावर बसून पुठ्ठे पाडत नाही, आपल्या दुकानात पाडतो आणि ते दुसऱ्याच्या मागावर चढतात. आमचा कम्पायलरही तसाच, पुण्याच्या यंत्रावर बसून सोलापूरच्या चिपचं काम करायचा, म्हणून त्याला म्हणायचं क्रॉस-कम्पायलर.

पुण्यात असे दोन होते. मी एकच लहानसा प्रोग्राम दोघांना दिला. पहिल्यानं तो इतका आटोपशीर करून दिला की एका चिपमध्ये मावून वर जागा उरली. दुसऱ्यानं त्याचा दीडपट पसारा केला. मी पहिला निवडला. परत येऊन साहेबांना "एका चिपमध्ये बसवलाय" असं सांगताना माझी मान काय ताठ झाली होती म्हणून सांगू! त्या ताठ मानेची आता मला लाज वाटते.

पेटी डाईंगमध्ये बसली. तीन आठवडे रोज आम्ही ती रंगाच्या टाकीवर तपासली. तपासायची रीत अशी की पेटीवर आकडा दिसायचा, मास्तर बोट घालायचे, मोजायचे, आणि दोघांचं जुळतंय का ते मी वहीत टिपायची. जुळायचं. अंशाअंशाला जुळायचं. "पेटी शिकली मास्तराकडनं," सिद्रामशेठ म्हणाले, आणि पेढे वाटले. मी गाळ्यात केलेली तपासणीसुद्धा बादलीत हीटर सोडून पासष्ट अंशांपर्यंतच केलेली होती. त्याच्या पुढं बोट जात नाही, म्हणून माझंही डोकं गेलं नाही.

मग एका दुपारी पेटी पहिल्यांदाच साबणाच्या टाकीला जोडली. वाफ सुटली, आकडा चढला, साठ, सत्तर, पंचाहत्तर, आणि एकदम शून्य. व्हॉल्व्ह मात्र सताड उघडा.

"काय ओ बाई, तुमची पेटी शून्य म्हणायलीय! तार निघाली का काय?"

"बघते, शेठ."

"बघा सावकाश. मास्तर, तुमी सांगा की, कुठवर आलंय?"

मास्तरांनी बाही सरकवली, बोट घातलं. ओकटी, रेंडू, मूडू. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. "साठ हाय. येऊ द्या वर," ते म्हणाले. त्यांनी सांगितल्यावर वाफ कोण बंद करणार? मी खाली वाकून तार चाचपत बसले. दोन-तीन मिनिटांत साबणाचा फेस टाकीच्या काठावरून उतू आला, पाणी खळाखळा उकळलं, लड्या एकमेकींत गुरफटल्या. माझी एक चप्पल फेसात वाहून गेली. कुणीतरी धावत जाऊन हातानं व्हॉल्व्ह मिटला. त्या लॉटचा गुंता पुढं दोन बायका चार दिवस सोडवत होत्या आणि शेवटी त्यांनीही हात टेकले.

गोंधळात माझं लक्ष मास्तरांच्या हाताकडं गेलं. बोटाचं टोक पांढरं पडून फुगलं होतं. मी त्यांना दंडाला धरून रंगाच्या कोठीत नेलं आणि बोट माठातल्या पाण्यात बुडवलं.

"मास्तर, भाजलंय हे! दुखत नाही?"

"अम्मा, दार लाव," ते म्हणाले. मी दार लावलं. "न्हाय दुखत. दोन दिवाळ्या झाल्या, त्याला काही कळत न्हाय. गार न्हाय, गरम न्हाय."

"डावं?"

"डावं पण."

"मग दोन वर्षं तुम्ही..."

"वाफेचा वास घेतो, पाण्याचा आवाज ऐकतो. निम्मा अंदाज. दोन लॉट फिके गेले, मी सुताला दोष लावला." ते खाली बघत राहिले. "मग तुझी पेटी आली. लई बरं झालं. पेटीकडं बघत होतो आणि मोजत होतो."

मी तिथंच रंगाच्या पिंपावर बसले. तीन आठवडे मी पेटी त्यांच्या बोटाशी ताडत होते, आणि ते बोट पेटीशी ताडत होते! आज पेटीनं शून्य दाखवलं, बघायला आकडाच नव्हता, म्हणून माणसानं सवयीनं साठ सांगितलं. मला हसू पण येईना आणि रडू पण. करकंबची भाषा तोंडात आली. "अवो मास्तर, काय केलं वो हे!" एवढंच म्हणाले.

"माझा मामा पण मास्तर होता," ते म्हणाले. "डोळे गेले, रंगाची छटा ओळखंना. दुसऱ्या दिवशी त्याला लड्या बांधायला बसवला, पोरींच्यात. सहा महिने पण जगला न्हाय. अम्मा, कुणाला सांगू नको. पेटी नीट कर."

बाहेर आलो तर सिद्रामशेठ बापटसाहेबांना सुनावत होते. "पंधरा दिवस देतो. सरळ चालली तर चालली, नाहीतर उचलून न्या तुमचं खोकं. माझं काय अडलंय? माझा मास्तर हाय की!" साहेब मान हलवत होते. मास्तर हात मागं बांधून उभे होते. पेटी गेली की मास्तर उघडे पडणार, हे त्या अंगणात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

चूक सापडायला दोन दिवस लागले, आणि सापडल्यावर कपाळावर हात मारून घेतला. तपमान आम्ही शून्य ते दोनशे पंचावन्न अशा आकड्यांत मोजत होतो. साठ अंश म्हणजे एकशे दोन, नव्वद अंश म्हणजे एकशे त्रेपन्न. सी भाषेत अशा लहान आकड्यासाठी जी जागा असते, तिच्यातले सगळे आकडे अधिक धरायचे की वरचे निम्मे उणे धरायचे, हे तेव्हा कम्पायलर करणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं होतं. माझ्या आटोपशीर कम्पायलरनं वरचे निम्मे, म्हणजे एकशे अठ्ठावीसपासून पुढचे, उणे धरले होते. पंचाहत्तर अंशांपर्यंत पेटी शहाणी. त्याच्या वर गेलं की तिला वाटायचं, पाणी बर्फापेक्षा गार आहे, सोडा वाफ! उणे आकडा दाखवायची सोय तिच्यात नव्हती, म्हणून शून्य.

साहेब म्हणाले, "एवढंच ना? त्या ओळीला एक टाका घाल आणि मोकळी हो."

"त्या ओळीला घालीन, साहेब. बाकीच्या ओळींत या कम्पायलरनं स्वतःच्या मनानं काय काय धरलंय, ते कसं कळणार? हा नुसते शेवटचे आकडे देतो."

मी त्या आकड्यांचे कागद पुन्हा चाळायला घेतले. आणखी एक दिवस वाया गेला. मी डाईंगवर गेले, मास्तरांच्या बोटाला मलम घेऊन. त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की वाफेचा नळ लागला. त्या दिवशी टाकीत बर्फाच्या लाद्या पडत होत्या. शेठनी गार पाण्यात होणारा लाल रंग काढायला घेतला होता, त्याला वाफ लागत नाही आणि बोटही लागत नाही. मी देवाचे आभार मानले. मास्तरांना माझी अडचण सांगितली, पुठ्ठे पाडणाऱ्याच्या भाषेत. म्हटलं, दोघं आहेत, एक थोडक्यात काम करतो, एक पसारा करतो, कुणाला धरू?

"नव्या पेठेत गिऱ्हाईक चादर घेताना पहिल्यांदा काय करतं?" त्यांनी विचारलं.

"भाव करतं."

"त्याच्या आधी. उलटी करतं, अम्मा. पुढनं सगळ्याच चादरी चांगल्या. मागनं कुठं दोरा सुटलाय, कुठं गाठ मारलीय, ते दिसतं. जो उलटी करून दाखवतो, त्याची घ्यायची."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी पुण्याला. भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली होती, कारण तिथं नंबर लागेपर्यंत दिवस जायचा. या वेळी मी दोन्ही कम्पायलरना एक मुद्दाम खोडसाळ प्रोग्राम दिला. मोठे आकडे, उणे आकडे, काठावरचे आकडे. आणि संस्थेच्या खिडकीतल्या माणसाला म्हटलं, "मला उत्तर नको. माझ्या प्रत्येक ओळीचे कोणते आकडे केले, ते ओळीखाली छापून पाहिजे." तो म्हणाला, "पहिल्यात ती सोय नाही. दुसऱ्यात आहे, पण कागद फार जातो, म्हणून आम्ही बंद ठेवतो."

"काढा कागद," मी म्हणाले.

घडीघडीचा लांबच लांब कागद आला. फलाटावर, मग गाडीत, मांडीवर पसरून मी तो दौंडपासून कुर्डुवाडीपर्यंत ओळ न् ओळ वाचला. पसारा होता खरा. जिथं दोन पावलांत काम होतं तिथं हा गडी तीन पावलं टाकत होता. पण प्रत्येक पाऊल दिसत होतं. लहान आकडे त्यानं सगळे अधिक धरले होते. दोन ठिकाणी माझ्याच चुका निघाल्या, ज्या पहिल्यानं मुकाट पोटात घातल्या असत्या. समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, "पत्रिका बघताय का?" मी म्हटलं, "हो, आणि जुळतीय."

दुसरा कम्पायलर निवडला. एका चिपच्या दोन झाल्या, पेटी उघडून नवीन जागा करावी लागली, आणि साहेब दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले. कोऱ्या चिपा शिल्लक नव्हत्या. गच्चीवरचं ते ताट याच वेळचं. आता तपासणीत बोटही नाही आणि बादलीही नाही. तपमानाच्या तारेच्या जागी एक फिरवायची खुंटी लावली आणि शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत एकेक आकडा पेटीला दाखवला. माणूस जिथं हात घालू शकत नाही, तिथलाही प्रत्येक. पुढं सगळ्या नोकरीत मी हीच रीत ठेवली. हाताखालची पोरंपोरी कंटाळायची. "बाई, हे कधी होणारच नाही," म्हणायची. मी त्यांना कधी कारण सांगितलं नाही.

पंधराव्या दिवशी पेटी साबणाच्या टाकीला पुन्हा जोडली. शेठ खुर्ची टाकून बसले. साठ, सत्तर, पंचाहत्तर. शहाहत्तर. ऐंशी. नव्वदला व्हॉल्व्ह खट्कन मिटला. आकडा नव्वदवर उभा राहिला आणि तासभर हलला नाही. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं नाही, पेटीकडं बघितलं, आणि उपरण्यानं तोंड पुसलं. मला तेव्हा जो आनंद झाला तो नंतर मोठमोठ्या कामांत झाला नाही, हे खरं सांगते.

त्यानंतर दहा वर्षं मास्तर त्या टाकीपाशी उभे राहिले, आणि त्यांचा कुठला लॉट फिका गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. रंगाच्या टाकीत बोट घालायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. शेठ गल्ल्यावरून विचारायचे, "किती, मास्तर?" मास्तर मोजायचे, तिरक्या नजरेनं पेटी बघायचे, आणि सांगायचे, "साठ." मी समोर असले तर छताकडं बघायची.

त्यांच्या निरोपाला मला बोलावणं होतं. डाईंगमध्येच सतरंज्या घातल्या होत्या, शाल, नारळ, भाषणं झाली. मग सिद्रामशेठ उठले आणि टाकीकडं हात करून म्हणाले, "मास्तर, आता एकदा शेवटचं. किती हाय सांगा."

मास्तर टाकीपाशी गेले, पण बोट घातलं नाही. वळून उभे राहिले. "शेठ, आज खोटं बोलवत न्हाय. बोट कधीच मेलंय. पेटी यायच्या आधीपासनं. मी पेटीकडं बघून सांगत होतो."

मी शेठकडं बघितलं.

"ठाऊक हाय की," शेठ म्हणाले.

"कधीपासनं?"

"साबणाची टाकी उतू गेली तवापासनं. मी तुमच्या बोटाकडं बघत होतो, मास्तर. कढत्या पाण्यात तीन मोजले तुमी!" शेठ टाकीपाशी आले. "मग पंधरा दिवस बर्फातला लाल काय मी हौसेनं काढला व्हय? दोन गिऱ्हाईकं परत लावली त्याच्यापायी."

मला गच्चीवरचं ते ताट आठवलं, त्या बर्फाच्या लाद्या आठवल्या, आणि मी उगीचच आभार मानलेला देव आठवला. मास्तरांचे डोळे भरून आले.

"घाला आता," शेठ म्हणाले. "माणसं थांबल्यात."

मास्तरांनी शाल माझ्या हातात दिली, बाही सरकवली आणि बोट पाण्यात घातलं. सगळं डाईंग गप्प झालं. ओकटी, रेंडू, मूडू. ते अगदी सावकाश मोजत होते, आणि त्या वेळी पेटीवर काय आकडा होता ते आमच्यापैकी कुणीच बघितलं नाही.